हाडाचा कर्करोग फुप्फुसापर्यंत पोहोचल्यावर कुत्र्याला केमोथेरपी द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षांचा, 34 किलो वजनाचा लॅब्राडॉर ब्रूनो दोन महिन्यांपासून उजव्या पुढच्या पायाने लंगडत होता. पाय मुरगळला असावा असे समजून आधी साधी औषधे झाली. पुढे मनगटाच्या वर सूज आली, एक्स-रेत हाड पोखरलेले दिसले, सुईने घेतलेल्या नमुन्यात ऑस्टिओसार्कोमाचे, म्हणजे हाडाच्या कर्करोगाचे, निदान झाले आणि छातीच्या एक्स-रेत तीन लहान गोल डाग आढळले. एका डॉक्टरांनी पाय काढून केमोथेरपी देण्याचे सुचवले, तर दुसऱ्यांनी आता त्याला आणखी त्रास देऊ नका असे सांगितले. घरातही दोन मते पडली आहेत. केमोने किती दिवस मिळतील, त्याला किती सोसावे लागेल आणि पाय काढावा का, असे आपण विचारले आहे.

आधी माझे मत सांगतो, कारणे त्यानंतर देतो. फुप्फुसात गाठी दिसू लागल्यावर केमोथेरपीने हा आजार बरा होत नाही आणि त्या गाठी आकाराने कमी होण्याची शक्यताही फार थोडी असते. ब्रूनोचे पुढचे दिवस कसे जातील हे त्या तीन डागांपेक्षा त्याच्या पायातल्या वेदनेवर अधिक अवलंबून आहे. म्हणून पहिले उपचार वेदनेवर व्हायला हवेत आणि तेही याच आठवड्यात. ते मार्गी लागल्यानंतर, त्याचे खाणेपिणे चांगले असेल आणि रक्त तपासणीत अडचण नसेल, तर केमोथेरपीचे दोन डोस देऊन पाहणे योग्य ठरू शकते. मात्र दुसऱ्या डोसनंतरच्या एक्स-रेत गाठी वाढलेल्या दिसल्या तर तेथेच थांबायचे, हे पहिल्या डोसच्या आधी घरातल्या सर्वांनी ठरवलेले असावे. ही अट मान्य नसेल तर केमो सुरू न करणे बरे, असे मी पालकांना स्पष्ट सांगतो.

कुत्र्यांच्या हाडांत मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे 85 टक्के ऑस्टिओसार्कोमा असतात. मोठ्या आणि अतिमोठ्या जातींना तो अधिक होतो, मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांत जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा कोपरापासून लांबच्या किंवा गुडघ्याच्या जवळच्या टोकाला सुरू होतो. ब्रूनोची जागा, म्हणजे मनगटाच्या लगेच वरचे हाड, ही त्याची नेहमीची जागा आहे. जिन्यावरून पडल्यामुळे, कॅल्शियम कमी पडल्यामुळे किंवा खाण्यातल्या कशामुळे हे झाले का, असे जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. त्याचे उत्तर नाही असेच आहे. पडण्यामुळे आधीच पोखरलेल्या हाडाकडे लक्ष जाते, इतकेच.

या आजाराचा खरा धोका त्याच्या लवकर पसरण्यात आहे. निदानाच्या वेळी छातीच्या एक्स-रेत गाठी दिसणारे कुत्रे 15 टक्क्यांहून कमी असतात, परंतु सुमारे 90 टक्के कुत्र्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तोवर शरीरात पसरलेल्या असतात. म्हणूनच नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात, आणि पाय काढून कार्बोप्लाटिन किंवा डॉक्सोरुबिसिन यांपैकी केमोथेरपीचे औषध दिले तर हा काळ दहा ते बारा महिन्यांपर्यंत जातो. आपण इंटरनेटवर वाचलेला 'केमोने एक वर्ष' हा आकडा येथून आलेला आहे. तो खरा आहे, पण ज्या कुत्र्यांच्या छातीत निदानाच्या वेळी काहीही दिसत नव्हते त्यांचा तो आकडा आहे. ब्रूनोला तो लागू करता येत नाही, आणि दोन डॉक्टरांच्या सल्ल्यांत आपल्याला जो विरोध वाटतो त्याचे मूळ बहुधा याच फरकात असावे.

एकच औषध एका अवस्थेत उपयोगी पडते आणि दुसऱ्या अवस्थेत पडत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. केमोथेरपीची औषधे मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशी मारतात. फुप्फुसात नुकत्याच रुजलेल्या सूक्ष्म पुंजक्यांत अशा पेशींचे प्रमाण जास्त असते आणि औषध त्यांच्यापर्यंत सहज पोहोचते. गाठ एक सेंटिमीटरची होईपर्यंत तिच्यात अब्जावधी पेशी जमलेल्या असतात, त्यांतल्या अनेक विसावलेल्या असतात, आतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशींची निवड आपोआप होत गेलेली असते. हा नुसता तर्क नाही. 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गाठी स्पष्ट दिसणाऱ्या 45 कुत्र्यांना सिसप्लाटिन, डॉक्सोरुबिसिन किंवा मायटोझँट्रोन यांपैकी औषधे दिली गेली, आणि गाठी काही प्रमाणात तरी लहान झाल्या असा कुत्रा त्यांत एकच निघाला. 2006 साली निदानाच्या वेळीच फैलाव झालेल्या 90 कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांचा मध्यक आयुष्यकाल 76 दिवसांचा होता, म्हणजे निम्मे कुत्रे त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. वेदना कमी करण्यासाठी रेडिएशन आणि त्याच्या जोडीने केमोथेरपी मिळालेल्या कुत्र्यांत हाच आकडा 130 दिवसांचा होता.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. रेडिएशन आणि केमो दोन्ही मिळालेले कुत्रे बहुधा मुळातच अधिक धडधाकट होते, कारण अंथरुणाला खिळलेल्या कुत्र्याला कोणी एवढ्या उपचारांसाठी नेत नाही. त्यामुळे 76 आणि 130 यांतला सगळा फरक औषधाचाच आहे असे मी मानत नाही. ब्रूनोच्या बाबतीत दिवसांऐवजी महिन्यांत बोलायचे झाले, तर दोन ते चार महिने हा प्रामाणिक अंदाज आहे. काही कुत्रे त्याहून बराच काळ जगतात, पण आपलाच कुत्रा त्यांत असेल असे धरून आखणी करू नये.

आता एका तपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर पुढचा सगळा निर्णय फिरू शकतो. छातीतले ते तीन डाग खरोखर कर्करोगाच्या गाठीच आहेत, याची खात्री कोणी केली आहे का? मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांच्या फुप्फुसात पुष्कळदा हाडासारखे कठीण, निरुपद्रवी ठिपके तयार होतात. ते दोन ते चार मिलिमीटरचे, काठाला थोडे ओबडधोबड आणि एक्स-रेवर आकाराच्या मानाने फार ठळक पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठ मऊ असते. ती सात-आठ मिलिमीटरची होईपर्यंत साध्या एक्स-रेत सहसा दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा गोल व फिकट राखाडी असते. याशिवाय स्तनाग्राची किंवा कातडीवर चिकटलेल्या गोचिडीची सावली फुप्फुसातल्या गाठीसारखी दिसल्याची उदाहरणेही आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून छातीचा एक्स-रे डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि समोरून अशा तीन बाजूंनी काढलेला असावा, कारण कुत्रा ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचे फुप्फुस दबते आणि त्यातली गाठ लपून राहते. आपल्याकडे एकच बाजू काढलेली असेल तर उरलेल्या दोन काढून घ्या, आणि शक्य असल्यास सीटी स्कॅन करून प्राण्यांचे एक्स-रे वाचण्याचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना दाखवा. ते ठिपके निरुपद्रवी निघाले तर ब्रूनोचा आजार पुढच्या अवस्थेतला ठरत नाही, आणि पाय काढून पूर्ण केमोथेरपी देण्याचा पहिल्या डॉक्टरांचा सल्ला सर्वार्थाने योग्य ठरतो. खात्री न करता हात टेकू नयेत, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

पुढचा मजकूर त्या गाठीच आहेत असे गृहीत धरून लिहीत आहे.

हाडाच्या कर्करोगाची वेदना तीव्र असते, पण कुत्रा ती ओरडून सांगत नाही. तो पाय टेकत नाही, रात्री जागा बदलत राहतो, दम लागल्यासारखा जीभ काढून बसतो, दुखऱ्या भागाजवळ हात नेला की मान वळवून पाहतो. शेपूट हलवतो आणि जेवतो म्हणजे त्याला दुखत नाही, असा समज करून घेऊ नये. लॅब्राडॉर तर बराच त्रास होत असतानाही जेवतो. त्याला रोजचे दाहशामक औषध हवे. मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब यांपैकी एक, कुत्र्याच्या मात्रेत आणि पोट भरलेले असताना द्यावे. त्याच्या जोडीला गॅबापेंटिन आणि गरजेनुसार अमांटाडीन द्यावे. एकट्या ट्रॅमाडॉलवर मी विसंबत नाही, कारण कुत्र्यांत त्याचा परिणाम बेभरवशाचा असतो. गॅबापेंटिनचे माणसांसाठीचे पातळ औषध आणल्यास त्यात झायलिटॉल नाही ना हे बाटलीवर वाचून घ्या. हा गोड पदार्थ कुत्र्याला विषारी आहे.

घरातल्या कपाटातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅकची गोळी ब्रूनोला अजिबात देऊ नका. गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारतात 2006 साली डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली हे अनेकांना माहीत असते, पण कुत्र्याच्या पोटात त्याच गोळीने रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात हे फारसे माहीत नसते. दाहशामक औषध चालू असताना स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणेही तितकेच धोक्याचे आहे. लंगडणाऱ्या कुत्र्याला अनेकदा पहिल्याच भेटीत स्टेरॉइड दिले जाते. ब्रूनोला ते दिले गेले असेल तर कधी आणि कोणते, हे नव्या डॉक्टरांना नक्की सांगा.

गोळ्यांच्या बरोबरीने मला सर्वांत उपयोगी वाटणारे औषध म्हणजे झोलेड्रोनेट. कर्करोग स्वतः हाड खात नाही. तो शरीरातल्या हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतो आणि त्या पेशी हाड पोखरतात. झोलेड्रोनेट त्या पेशींना आवर घालते. त्याची मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे ब्रूनोसाठी 3.4 मिलिग्रॅम होते, आणि माणसांसाठी मिळणारी 4 मिलिग्रॅमची बाटली त्याला पुरते. साधारण पंधरा मिनिटांच्या सलाईनमधून ते दिले जाते आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा देता येते. याच वर्गातल्या पामिड्रोनेट या जुन्या औषधाच्या एका पाहणीत 43 पैकी 12 कुत्र्यांच्या वेदना चार महिने किंवा त्याहून अधिक काळ आटोक्यात राहिल्या होत्या. सर्वांना गुण येत नाही हे यावरून दिसते, पण ज्यांना येतो त्यांचे दिवस बदलतात. झोलेड्रोनेट, दाहशामक गोळ्या आणि केमो या तिन्हींचा भार मूत्रपिंडांवर पडू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्त तपासणी) आणि लघवीची तपासणी हवी, आणि ब्रूनोला भरपूर पाणी प्यायला लावायला हवे.

वेदना कमी करण्यासाठी रेडिएशन हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. साधारण दोन ते चार मोठ्या मात्रांत बहुसंख्य कुत्र्यांची वेदना दोन ते चार महिन्यांसाठी लक्षणीय कमी होते. महाराष्ट्रात प्राण्यांसाठी तो सहज उपलब्ध नाही, आणि त्यासाठी दुखऱ्या कुत्र्याला दूरच्या शहरात वारंवार नेणे मला पटत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र जवळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात याची चौकशी जरूर करावी.

पाय काढावा का? फैलाव झालेला असताना मी पहिला पर्याय म्हणून तो सुचवत नाही. शस्त्रक्रियेतून सावरायला दोन आठवडे जातात, आणि अपेक्षित आयुष्य दोन-तीन महिन्यांचे असेल तर तो हिशेब जड जातो. परंतु औषधांनी वेदना आवरत नसेल किंवा हाड मोडले असेल, आणि बाकी शरीर उत्तम असेल, तर पाय काढणे ही वेदनेवरची शस्त्रक्रिया ठरते आणि तिचा विचार करावा लागतो. कुत्रे तीन पायांवर चांगले चालतात. दुसऱ्या पायांत सांध्यांचा त्रास असेल किंवा वजन फार असेल तेव्हाच अडचण येते. फुप्फुसातल्या गाठी शस्त्रक्रियेने काढण्याबद्दलही काही जण विचारतात. पहिल्या उपचारानंतर 300 हून अधिक दिवसांनी एक-दोनच गाठी उगवल्या असतील अशा निवडक कुत्र्यांसाठी तो विचार होतो, ब्रूनोसाठी नाही.

आता केमोथेरपी प्रत्यक्षात कशी असते ते सांगतो. ब्रूनोला द्यायचे झाल्यास मी कार्बोप्लाटिन निवडेन. सिसप्लाटिन कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अधिक घातक आहे आणि त्याच्यासोबत तासन्‌तास सलाईन द्यावे लागते, तर डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयाच्या स्नायूंवर साठत जातो. कार्बोप्लाटिनची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते, चौरस मीटरमागे 300 मिलिग्रॅम. 34 किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग सुमारे 1.06 चौरस मीटर येतो, म्हणजे मात्रा 318 मिलिग्रॅमच्या आसपास होते. माणसांच्या औषधांच्या दुकानात त्याच्या 150 आणि 450 मिलिग्रॅमच्या बाटल्या मिळतात, त्यामुळे पहिल्या खेपेला दोन लहान बाटल्यांत, म्हणजे 300 मिलिग्रॅमवर, सुरुवात करणे सोयीचे आणि सुरक्षितही असते. पुढचा डोस तीन आठवड्यांनी असतो.

पहिल्या डोसच्या आधी एक तपासणी आपल्या भागात मी कधीच वगळू देत नाही, ती म्हणजे गोचीड तापाची. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडींतून येणारे जंतू महाराष्ट्रातल्या कुत्र्यांत सर्रास आढळतात, आणि वरकरणी ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट त्यांच्यामुळे खालावलेल्या असतात. कार्बोप्लाटिन प्लेटलेट आणखी खाली नेते. दोन्ही एकत्र आले की नाकातून किंवा आतड्यातून रक्तस्राव होतो आणि दोष केमोला दिला जातो. त्यामुळे नुसता यंत्राने काढलेला आकडा न पाहता रक्ताचा थर काचपट्टीवर तपासून घ्यावा, गोचीड तापाची चाचणी करावी, आजार निघाल्यास त्याचा उपचार आधी पूर्ण करावा आणि गोचिडींचे प्रतिबंधक औषध चालू ठेवावे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 2000 च्या खाली किंवा प्लेटलेट 1,00,000 च्या खाली असतील तर मी डोस आठवडाभर पुढे ढकलतो.

डोसच्या दिवशी ब्रूनोने सकाळी हलके खाऊन यावे. निरोगी पुढच्या पायाच्या किंवा मागच्या पायाच्या शिरेत पहिल्याच टोचणीत नीट बसलेली नळी हवी. शीर फुटली तर त्याच जागी पुन्हा प्रयत्न न करता दुसरा पाय घ्यायचा असतो. साध्या सलाईनने नळी मोकळी असल्याची खात्री करून मग औषध जोडले जाते आणि वीस-तीस मिनिटांत ते आत जाते. त्या वेळी घरातले ओळखीचे माणूस डोक्याजवळ बसलेले असले की बहुतेक कुत्रे गादीवर पडून राहतात, काही झोपतातही. भूल लागत नाही. उलटी होऊ नये म्हणून मॅरोपिटंट किंवा ऑनडान्सेट्रॉन आधीच दिले जाते आणि पुढचे चार दिवस गोळ्या घरी चालू ठेवता येतात.

त्रास किती होईल, याचे उत्तर बहुतेक पालकांच्या भीतीपेक्षा सौम्य आहे. माणसाला आजार मुळासकट काढण्यासाठी सोसवेल तेवढा मोठा डोस दिला जातो. कुत्र्याला मात्र त्याचे रोजचे जगणे बिघडणार नाही असा डोस निवडतात. साधारण चारातल्या एका कुत्र्याला दोन-तीन दिवस भूक मंदावणे, एखादी उलटी किंवा पातळ शी असा त्रास होतो. दवाखान्यात ठेवावे लागेल इतका त्रास वीसातल्या एखाद्याला होतो. लॅब्राडॉरचे केस गळत नाहीत. मिशा गळू शकतात आणि नळीसाठी भादरलेल्या जागी केस उशिरा येतात. खरा धोका डोसनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास असतो, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सर्वांत खाली गेलेल्या असतात. त्या दिवसांत थर्मामीटर घरी ठेवा. ताप 103 अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तो सुस्तावला, हिरड्यांवर लाल ठिपके उठले किंवा शी काळी झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. या काळात कच्चे मांस आणि कच्ची अंडी देऊ नका. डोसनंतरचे तीन दिवस लघवी आणि शी हातमोजे घालून, भरपूर पाणी ओतून साफ करा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. मुलांनी त्याला जवळ घ्यायला काही हरकत नाही, फक्त त्या तीन दिवसांत तोंड चाटू देऊ नये.

कार्बोप्लाटिनने गाठी थांबल्या नाहीत तर पुढे काय, असेही आपण विचाराल. डॉक्सोरुबिसिन देऊन पाहता येते, पण आधी हृदयाची सोनोग्राफी हवी, आणि पहिल्या औषधाला दाद न देणारी गाठ दुसऱ्याला देईल अशी आशा मी फार दाखवत नाही. टोसेरॅनिब हे तोंडाने द्यायचे औषध 2009 साली अमेरिकेत कुत्र्यांच्या त्वचेतील मास्ट पेशींच्या गाठींसाठी मान्य झाले. हाडाच्या कर्करोगाच्या फैलावावर त्याने काही कुत्र्यांत गाठींची वाढ काही आठवडे थबकल्याचे दिसले, पण त्यापलीकडे फारसे नाही. रोज अगदी अल्प मात्रेत सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत स्वस्त आणि घरच्या घरी करण्याजोगी आहे; ती देताना लघवीत रक्त येऊ लागले तर औषध त्याच दिवशी बंद करावे लागते. हळद, गोमूत्र किंवा इतर चूर्णांनी ही गाठ मागे हटल्याचे मी पाहिलेले नाही. जेवणातली चिमूटभर हळद अपाय करत नाही, पण केमो चालू असताना मोठ्या मात्रेची कोणतीही पूरक औषधे डॉक्टरांना न विचारता देऊ नका. सुजलेल्या पायाला तेल लावून चोळणे मात्र आजच थांबवा. ते हाड आतून इतके पातळ झालेले असते की चोळण्याने किंवा पाय ताणण्याने मोडू शकते. याच कारणाने त्याला जिना चढू देऊ नका, गाडीत उचलून घ्या आणि गुळगुळीत फरशीवर चटया अंथरा.

गाठी वाढत आहेत का हे पाहण्यासाठी दुसऱ्या डोसनंतर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यात, त्याच तीन बाजूंनी एक्स-रे काढा. गाठी तेवढ्याच असतील तर ते यश आहे आणि डोस पुढे चालू ठेवता येतात. वाढल्या असतील तर केमो थांबते. वेदनाशामक गोळ्या आणि झोलेड्रोनेट थांबत नाहीत. घरी रोज दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो. हा आकडा तीसच्या खाली असतो. तो सलग दोन-तीन दिवस चढत गेला तर छातीत काहीतरी बदलत आहे. खोकला फार उशिरा येतो, त्याची वाट पाहू नका. दुसरी, तो आपणहून उठून दारापर्यंत आला का. चारही पाय गरम होऊन एकदम सुजले तर तेही छातीतल्या गाठींचे लक्षण असू शकते, ते डॉक्टरांना कळवा.

घरातल्या मतभेदाबद्दल एवढेच म्हणेन की केमो द्यावी म्हणणाऱ्यांचे प्रेम जास्त नाही आणि नको म्हणणाऱ्यांचे कमी नाही. पैशांचा विचार करण्यातही काही गैर नाही. औषधाची किंमत एक वेळ पेलते, पण दर खेपेच्या तपासण्या, एक्स-रे आणि ये-जा यांचा खर्च साचत जातो. पैसे मर्यादित असतील तर ते केमोऐवजी झोलेड्रोनेट आणि चांगल्या वेदनाशामकांवर खर्च करा, असे मी निःसंकोचपणे सांगतो. त्यात ब्रूनोचे नुकसान नाही.

दयामरणाचा निर्णय कधी घ्यायचा हे आत्ताच बोलून ठेवा, कारण या आजारात तो अनेकदा अचानक घ्यावा लागतो. दोन औषधे जोडूनही तो रात्रभर झोपत नसेल, सलग दोन दिवस आवडीचे अन्न नाकारत असेल किंवा विश्रांतीतही धापा टाकत असेल, तर थांबण्याची वेळ आली आहे. दुसरी शक्यता हाड मोडण्याची आहे: नुसते उठताना कटकन आवाज होतो, पाय लोंबतो आणि कुत्रा किंचाळतो. या हाडाला प्लास्टर घालून उपयोग होत नाही, ते जुळून येत नाही. अशा वेळी पाय न ओढता त्याला जाड चादरीवर सरकवा आणि चादरीसकट दोघांनी उचला. रात्री किंवा रविवारी घरी येऊ शकतील अशा डॉक्टरांचा क्रमांक, त्यांच्याकडे आधी गाढ भूल देऊन मग शेवटचे इंजेक्शन देण्याची सोय आहे का याची माहिती, आणि अंत्यविधी कोठे करता येईल याची चौकशी, या तीन गोष्टी केमोच्या पहिल्या तारखेच्या आधी करून ठेवा, आणि कागद फ्रिजवर लावा म्हणजे त्या वेळी घरी जो असेल त्याला तो सापडेल.